तीन दिवस आधी

गौरी यायच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या मेडिकलमध्ये गर्दी व्हायची, पण ती गर्दीसारखी दिसायची नाही. बायका एकेकट्या यायच्या. आधी क्रोसिन मागायच्या, नाहीतर डेटॉल, नाहीतर पोराच्या खोकल्याचं औषध. बाजूचं गिऱ्हाईक गेलं की काउंटरवर जरा पुढे वाकायच्या आणि म्हणायच्या, "आणि ती गोळी द्या." कुठली, हे विचारावं लागत नसे. माझ्या पाठीमागे भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असायचं. त्यात गौरी आवाहनाचा दिवस बघायचा, बाईला तिची तारीख विचारायची, तीन दिवस मागे मोजायचे आणि हव्या तेवढ्या गोळ्या कात्रीने स्ट्रिपमधून कापून कागदाच्या पुडीत घालून द्यायच्या. माझा हिशेब सहसा चुकत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता. पुढच्या वर्षी त्याच बायका परत यायच्या. काही जणी तर गौरीचा प्रसादही आणून द्यायच्या.

डॉक्टरची चिठ्ठी? कायद्याने ती हवी. ही गोळी शेड्यूल एचमधली आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि 1984 साली डी. फार्म. करून दुकानात उभी राहिले तेव्हा हे मला पाठ होतं. तरी मी विकली, वर्षानुवर्षं विकली. हे पुस्तक लिहायला बसले तेव्हा पहिल्या पानावर हेच लिहायचं ठरवलं होतं. ते लपवलं असतं तर पुढचं सगळं खोटं पडलं असतं.

आमचं गाव साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं. दसरा झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, माळावर पालं पडायची. अशाच एका हंगामात, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी, एक बाई दुकानात आली. वय असेल पंचविशीचं, पण तोंडावर रंग नव्हता. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. पायरी चढून आली आणि आधी खांबाला धरून उभी राहिली.

"ताई, रगत थांबायची गोळी हाय का?"

"किती दिवस झाले?"

"ईस झाले आसतील. मोजलं न्हाई."

मी आत गेले आणि तीच स्ट्रिप काढली. कात्रीने कापली, पुडी बांधली, दिवसातून तीनदा घे म्हणाले. तिने पदराच्या गाठीतून पैसे सोडले. मी तिला आणखी एक शब्द विचारला नाही. दिवस गेले असतील का, पोटात दुखतं का, कावीळ झाली होती का, घरी कुणी आहे का, काहीच नाही. ती गेली आणि मी पुन्हा हिशेबाच्या वहीकडे वळले. ती बाई परत आली नाही.

गौरीसाठी तारीख मागणारीला आणि वीस दिवस रक्त जाणारीला मी एकाच खोक्यातून एकच गोळी काढून दिली. पहिलीच्या वेळी मी कॅलेंडर बघितलं होतं. दुसरीच्या वेळी तेवढंही केलं नाही. या पुस्तकात मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यात आलं: आपल्याकडे ही गोळी घरातल्या कार्यक्रमाच्या तारखेसाठी सहज हातात पडते, आणि जिच्या आजारावर ती खरं म्हणजे औषध आहे तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

गोळीचं नाव नॉरएथिस्टेरॉन. अमेरिकेत तिलाच नॉरएथिंड्रोन म्हणतात. आपल्याकडे प्रायमोल्युट-एन हे नाव इतकं रुळलं की गोळी कुठल्याही कंपनीची असली तरी बायका "प्रायमोलूट" म्हणूनच मागतात, जशी वनस्पती तुपाची कुठलीही पिशवी "डालडा" होते. ही गोळी म्हणजे प्रोजेस्टिन. बाईच्या अंगात जे प्रोजेस्टेरॉन आपोआप तयार होतं, त्याचं काम करणारं पण प्रयोगशाळेत घडवलेलं द्रव्य. दोन्ही नावं इतकी सारखी आहेत की डॉक्टरसुद्धा बोलताना एकाच्या जागी दुसरं वापरतात. फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे, आणि पुस्तकभर मी तो सोडलेला नाही.

काम कसं चालतं ते समजावताना मी दुकानात मांडवाचा दाखला द्यायचे. दर महिन्याला गर्भाशयाच्या आत मऊ अस्तर तयार होतं. पाहुणा येणार म्हणून मांडव घातलेला असतो, म्हणा ना. अंडाशयातून बीज बाहेर पडलं की ते जिथून निघालं त्या जागी एक पिवळसर गाठ उरते. तिला पीतपिंड म्हणतात. ही गाठ प्रोजेस्टेरॉन तयार करते आणि मांडवाचे खांब तेवढ्यावर उभे असतात. गर्भ राहिला नाही तर ही गाठ साधारण दोन आठवड्यांत सुकते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं, खांब निघतात, मांडव उतरतो. पाळी येते ती अशी. गोळी घेणं म्हणजे खांब निघायच्या आत बाहेरून दुसरे खांब लावणं. मांडव तसाच उभा राहतो. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत उतरतो.

"तीन दिवस आधी" हा आमच्या दुकानातला मंत्र यातूनच आलेला. खांब हलायला लागल्यावर नवे लावून उपयोग नसतो. एकदा रक्त सुरू झाल्यावर धावत येऊन "आता थांबवायची गोळी द्या, उद्या सत्यनारायण आहे" म्हणणाऱ्या सुनांना मी हात जोडायचे. गोळी घेऊन पाळी नाहीशी होत नाही, ती थांबून राहते, हेही बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, या महिन्याची चुकली. मग चार दिवसांनी एकदम अंगावरून जायला लागलं की घाबरतात आणि गोळीने काहीतरी बिघडवलं असं समजतात.

आता ही गोळी आली कुठून? ती गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा रेंगाळते.

अंगातलं प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं तर यकृत त्याची बरीचशी वाट लावतं. म्हणून सुरुवातीला ते तेलातून सुईने टोचत. आणि ते मिळवायचं कुठून? 1934 मध्ये जर्मनीत बुटेनांट यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं, तेव्हा सुमारे 50,000 डुकरिणींच्या अंडाशयांतून 20 मिलिग्रॅम हाती आलं होतं. म्हणजे चिमूटभरही नाही. सोन्यापेक्षा महाग वस्तू ती, गरीब बाईच्या वाट्याला कशी येणार?

तेव्हा रसेल मार्कर नावाचा एक हट्टी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वनस्पतींच्या मागे लागला. रानकंदांत डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून काही पायऱ्यांत प्रोजेस्टेरॉन बनवता येतं, हे त्याने दाखवून दिलं. कंद शोधत तो मेक्सिकोत व्हेराक्रूझ भागात गेला. तिथे "काबेसा दे नेग्रो" नावाचा प्रचंड मोठा कंद त्याला मिळाला. औषध कंपन्या पैसे लावेनात, म्हणून यानेच नोकरी सोडली आणि 1943 मध्ये सुमारे 3 किलो प्रोजेस्टेरॉन तयार केलं. गोष्ट अशी सांगतात की मेक्सिको शहरातल्या एका छोट्या औषध कंपनीच्या दारात तो कागदात गुंडाळलेल्या बरण्या घेऊन उभा राहिला आणि आत काय आहे ते ऐकून मालकांचा विश्वासच बसेना. कागदात गुंडाळलेलं बायकांचं औषध! आमच्या दुकानातली पुडी आठवून मला दर वेळी हसू येतं.

त्यातून 1944 मध्ये सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. मार्कर वर्षभरात भांडून निघून गेला. त्याच्या जागी हंगेरीतून परागंदा होऊन क्युबामार्गे आलेले जॉर्ज रोझेनक्रांझ आले, आणि 1949 मध्ये व्हिएन्नात जन्मलेले तरुण कार्ल जेरासी. दोघेही ज्यू, दोघेही युरोपातून पळालेले. त्यांच्या हाताखाली लुइस मिरामोंतेस नावाचा 26 वर्षांचा मेक्सिकन विद्यार्थी होता. 15 ऑक्टोबर 1951 रोजी त्याने जे द्रव्य तयार केलं ते नॉरएथिस्टेरॉन.

त्याची मूळ कल्पना सांगायला हवी, कारण नावाचा अर्थ तिच्यात आहे. 1938 मध्ये जर्मनीत इनहोफेन यांनी पुरुषांच्या हार्मोनला, टेस्टोस्टेरॉनला, एक छोटी कार्बनची शेपटी जोडली. झालं भलतंच: पुरुषाच्या हार्मोनसारखं वागण्याऐवजी ते प्रोजेस्टेरॉनसारखं वागायला लागलं, आणि तोंडाने घेतलं तरी टिकायला लागलं. त्याचं नाव एथिस्टेरॉन. सिंटेक्सच्या मंडळींनी त्या सांगाड्यातला 19 व्या क्रमांकाचा कार्बन काढून टाकला. नावातलं "नॉर" म्हणजे एवढंच, तो एक कार्बन नाही. एक अणू गेला आणि द्रव्याची ताकद कितीतरी वाढली. पण पूर्वज पुरुषी हार्मोन असल्याची खूण त्यात थोडी राहिलीच. काही जणींना ही गोळी घेतल्यावर चेहऱ्यावर मुरूम येतात, त्वचा तेलकट होते, ते या वारशामुळे.

मेक्सिकोतल्या त्या दिवशी कुणाच्या मनात गर्भनिरोधन नव्हतं, असं जेरासींनीच पुढे सांगितलं. पाळीच्या तक्रारींवर औषध हवं होतं. पार्क-डेव्हिस कंपनीने 1957 मध्ये ते "नॉरल्युटिन" नावाने बाजारात आणलं तेही पाळीच्या तक्रारींसाठीच. मेक्सिकोत हे द्रव्य तयार झालं त्या सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईत रघुनाथराव कर्वे "समाजस्वास्थ्य" काढत होते. 1952 मध्ये मुंबईतच जगभरचे संततिनियमनवाले जमले, मार्गारेट सँगर आल्या आणि त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना तिथे स्थापन झाली. याच सँगरबाईंच्या आग्रहाने ग्रेगरी पिंकस अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीच्या मागे लागले होते. कर्वे 14 ऑक्टोबर 1953 ला गेले. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी ते समाजाशी भांडले, ती एका स्ट्रिपमध्ये मावेल हे त्यांना बघायला मिळालं नाही.

जाता जाता एक. कोकणातले वाचक करांदे खातात. मार्करचा कंद आणि आपला करांदा एकाच कुळातले. पण करांदे खाऊन अंगात हार्मोन वाढत नाही. डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन कारखान्यात होतं, पोटात नाही. "रानकंदाचं नैसर्गिक हार्मोन" म्हणून हल्ली ऑनलाइन क्रीम विकतात. माझ्या दुकानात असती तर एकही विकू दिली नसती.

गोळी तीच, पण मात्रा बदलली की काम बदलतं. हे बऱ्याच सुशिक्षित बायकांनाही ठाऊक नसतं. निव्वळ प्रोजेस्टिनच्या गर्भनिरोधक गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं 0.35 मिलिग्रॅम. पाळी पुढे ढकलायला आपण देतो 5 मिलिग्रॅम, तीही दिवसातून तीनदा, म्हणजे 15 मिलिग्रॅम. चाळीस पटींहून जास्त. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन देताना गर्भाशयाच्या अस्तराचं रक्षण व्हावं म्हणून जे नॉरएथिस्टेरॉन असीटेट जोडतात, ते 1 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतं. सणासाठी घेतलेली "साधी गोळी" या सगळ्यांत सर्वांत जड असते. एवढ्या मात्रेत तिचा थोडासा भाग अंगात जाऊन एथिनिल इस्ट्रॅडिऑल होतो. हे इस्ट्रोजेन नेहमीच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळीत असतं आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढवतं. ज्या बाईच्या पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल, तिला ही गोळी द्यायचीच नसते. चारधामच्या बसमध्ये 15-16 तास पाय मुडपून बसायचं आणि वर ही गोळी, हा मेळ मला आता बघवत नाही. त्या काळी मीच पुड्या बांधून दिल्या आहेत. पोटरीत दुखून सूज येणं, अचानक धाप लागणं, कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टर गाठावा. दर्शन नंतर.

आणखी एक गैरसमज सांगून टाकते. हनिमूनला जाताना नवी नवरी ही गोळी घेते आणि समजते की गर्भही राहणार नाही. पाळी लांबवायला अशी दहा-बारा दिवस घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून भरवशाची नाही. त्यासाठी वेगळी सोय लागते. याच्या उलट, दिवस गेले असतील अशी शंका असताना ती घेऊ नये. भरपूर मात्रेत घेतलेल्या अशा प्रोजेस्टिनमुळे पोटातल्या मुलीच्या जननेंद्रियांवर परिणाम झाल्याच्या नोंदी 1960 च्या सुमारासच झाल्या होत्या. एकीला गर्भ टिकवायला दिलेली डायड्रोजेस्टेरॉनची गोळी आणि दुसरीची प्रायमोलूट, "दोन्ही हार्मोनच्याच ना" म्हणून जावा-जावांत अदलाबदल केलेली मी पाहिली आहे. पोटात बाळ असताना ही अदलाबदल अंगाशी येऊ शकते.

मी दुकानात उभी राहिले त्या वर्षांत मागणी याच्या अगदी उलटही असायची: "पाळी आणायची गोळी." दिवस चुकले की बायका ती घ्यायच्या. दोन दिवसांत रक्त आलं तर गर्भ नाही, नाही आलं तर आहे, अशी ती परीक्षा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची भरपूर मात्रा एकत्र केलेल्या गोळ्या होत्या त्या. इंग्लंडमध्ये "प्रिमोडोस" नावाने मिळायच्या. तिच्यात 10 मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन असीटेट असे, आणि ती तिकडे 1978 मध्ये बाजारातून गेली. आपल्याकडे 1982 मध्ये बंदीचा आदेश निघाला. कंपन्या न्यायालयात गेल्या. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते नेटाने लढले तेव्हा 1988 मध्ये बंदी झाली. मधली सहा वर्षं माल दुकानांत होता. बंदीची बातमी आली त्या दिवशी मी कपाटातली खोकी मोजली आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं की आपण काय विकतो हे आपल्याला नीट माहीत नाही. त्याच सुमाराला नॉरएथिस्टेरॉनच्या दोन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनवरूनही देशभर वाद पेटला. हैदराबादजवळ पटनचेरूला बायकांना पुरती माहिती न देता ते टोचायचा घाट घातला जातोय, हे तिथल्या स्त्री संघटनेने उघडकीला आणलं, आणि 1986 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या लढ्याची हकिकत पुस्तकात सविस्तर आहे, इथे नाव तेवढं घेते.

आता सणाच्या गोळीबद्दल. मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. ठेवली तर पहिलं माझंच घ्यावं लागेल. धाकट्या दिराच्या लग्नात देवक बसायच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"अगं, तुझी तारीख कधी गं?"

"सोळाला, आई."

"मग घे की काहीतरी. तुझंच तर दुकान आहे."

घेतली. अकरा दिवस. पोट फुगलेलं, छाती दुखतेय, उगाच डोळ्यांत पाणी येतंय, आणि मी हसत हसत हळदीच्या ताटांकडे बघतेय. चिडचिड नवऱ्यावर निघाली. त्या बिचाऱ्याला कळेना काय झालं. पण खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात बाजूला बसावं लागलं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या काळात असली सोय नव्हती. त्या स्वतःच्या बहिणीच्या लग्नात माजघराच्या बाहेर चटईवर बसून अक्षता टाकलेल्या. गोळी त्यांना सुटका वाटत होती, आणि एका परीने होतीही.

फक्त एक गोष्ट मला खटकत राहिली. शिवाशीव पाळायची की नाही हा वाद घरात करायला धैर्य लागतं, गोळी गिळायला घोटभर पाणी. त्यामुळे वाद होतच नाही. ऋषिपंचमीला, म्हणजे गौरींच्या त्याच आठवड्यात, पाळीतल्या शिवाशिवीचं प्रायश्चित्त म्हणून उपास करणाऱ्या बाईच्या पोटात त्या दिवशी 15 मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन असतं. यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. परीक्षा आहे, पोहण्याची स्पर्धा आहे, ट्रेकला जायचंय, म्हणून स्वतःहून विचार करून गोळी घेणाऱ्या मुली हल्ली येतात. त्यांच्याशी बोलणं सोपं जातं. त्या प्रश्न विचारतात.

आजाराचं प्रकरण मात्र पुस्तकात सर्वांत लांब झालं आहे आणि मी ते मुद्दाम छाटलं नाही. अंगावरून फार जाणं, पाळी अनियमित असणं, गर्भाशयाचं अस्तर भलत्या जागी वाढून महिनोन्महिने दुखत राहणं: या सगळ्यांत नॉरएथिस्टेरॉन नीट वापरलं तर बाईला उभं करतं. फार रक्त जात असेल तर साधारण दहा दिवस दिवसातून तीनदा देतात, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत रक्त आटोक्यात येतं, आणि मग पुढचे महिने ठरावीक दिवसच गोळी देऊन पाळीला वळण लावतात. पण आधी रक्त का जातंय ते शोधायला हवं. चाळिशीनंतर बदललेली पाळी, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला डाग, यावर परस्पर गोळी घेणं म्हणजे धूर दिसतोय म्हणून खिडकी लावून घेणं. आत गाठ असेल, कर्करोग असेल, आणि रक्त थांबल्यामुळे सहा महिने कुणी बघणारच नाही. स्तनाचा कर्करोग, यकृताचा मोठा आजार, गरोदरपणात झालेली कावीळ, यांतही ती देत नाहीत. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर ही गोळी अंगात टिकत नाही. क्षय आपल्याकडे घरोघरी आहे, पण हा प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर मी कधी कुणाला विचारला नव्हता.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर्तमानपत्रांत आकडे येत होते. मी मात्र त्या खांबाला धरून उभ्या राहिलेल्या बाईचाच विचार करत होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांवर घेतलेली असते, बाई एक दिवस बसली की खाडा धरतात आणि पैसे कापतात. पालाजवळ पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून जात असतानाही मोळी डोक्यावर. अशा बाईला गावी गेल्यावर कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. पिशवी काढण्याआधीच्या पायऱ्या किती होत्या! लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, ही नॉरएथिस्टेरॉन, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी. त्यांतली एखादी तरी पायरी तिला कुणी नीट दाखवली असती, तपासून, समजावून, महिन्याने परत बोलावून! महिन्याने ती कुठल्या कारखान्यावर असेल, हा प्रश्न उरतोच. गोळी स्वस्त आहे. बाईच्या मागे महिनाभर लक्ष ठेवणारं कुणीतरी मात्र लागतं, आणि ते स्ट्रिपमध्ये मिळत नाही.

माझ्या नंतर दुकान मुलगा बघतो. मी हट्टाने काउंटरच्या आतल्या बाजूला, कालनिर्णयच्या शेजारी, एक कागद चिकटवून घेतला. शेवटची पाळी कधी, दिवस गेल्याची शंका आहे का, गुठळी किंवा कावीळ कधी झाली होती का, दुसरं काय औषध चालू आहे, रक्त किती दिवस जातंय. पाच प्रश्न. त्यांखाली मोठ्या अक्षरात: चिठ्ठी. हे पुस्तक त्या कागदाचंच वाढलेलं रूप आहे. तपासून देणाऱ्या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी बऱ्याच ठिकाणी माझे कान धरले, त्याबद्दल त्यांचे आभार. दुरुस्त्या सगळ्या त्यांच्या, आठवणी माझ्या.

मुलगा म्हणाला, "आई, बायका मला पाळीचं सांगत नाहीत, नुसत्या निघून जातात." म्हणून मागच्या श्रावणात त्याने काउंटरवर एक मुलगी ठेवली, नुकतीच बी. फार्म. झालेली. ती पाचही प्रश्न मोठ्याने विचारते. पहिल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं समोरच्या मेडिकलला गेली. चौथी थांबली आणि म्हणाली, खरं सांगू का, मला दीड महिना झाला.